फॉरवर्ड आलेलं वचन किंवा सूचना पुढे पाठवण्याआधी: तपासणीचा नेमका क्रम

सोसायटीच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर किंवा मंडळाच्या स्मरणिकेसाठी आलेला मजकूर तपासून घ्यावा असं आता ठाण्या-नवी मुंबईतल्या बऱ्याच जणांना वाटतं. अडतं ते क्रमात. मजकूर आला की लोक थेट गुगल उघडतात आणि पहिली ओळ टाकतात. तेच वाक्य दहा संकेतस्थळांवर दिसतं आणि ‘खरं आहे’ असं ठरवून टाकलं जातं. पण ती दहा ठिकाणं बहुतेक वेळा एकमेकांवरून उतरवलेली असतात. दहा जणांनी एकाच वहीतून नक्कल केली तर साक्षीदार एकच धरायचा.

म्हणून शोधायचं ते हे: हा मजकूर सगळ्यांत आधी कुठे आला? पुढचा सगळा क्रम याच प्रश्नाभोवती लावला आहे. एखाद्या थोर व्यक्तीच्या नावावरचं वचन असो, पावसाच्या सुट्टीचं पत्र असो की व्हिडिओ असो, टप्पे याच क्रमाने घ्या. मधला टप्पा गाळला की पुढच्या टप्प्यात हमखास फसगत होते.

आधीची तयारी

ही तयारी मजकूर यायच्या आधी, सवडीने करून ठेवायची. भर पावसात, लोकल बंद असताना अधिकृत संकेतस्थळ शोधायला गेलात तर शोधाच्या यादीत वर जाहिरात येते, किंवा नक्कल केलेलं पान येतं.

फोनच्या ब्राउझरमध्ये ही पानं खूण करून ठेवा: ठाणे जिल्हा प्रशासन, ठाणे महानगरपालिका, नवी मुंबई महानगरपालिका, हवामान विभाग, मध्य रेल्वे, महाराष्ट्र शासनाचं शासन निर्णयांचं पान. खारघर, कामोठे, कळंबोली किंवा नवीन पनवेलला राहत असाल तर पनवेल महानगरपालिका आणि रायगड जिल्हा प्रशासन. कारण पाचव्या टप्प्यात येईल.

फोनमध्ये गुगल लेन्स (चित्रावरून चित्र शोधणारं साधन) आहे ना, ते पाहा. कॅलेंडर हाताशी ठेवा. शक्य असेल तर लांबलचक मजकूर संगणकावर तपासा. फोनच्या पडद्यावर वेबपत्ता अर्धाच दिसतो आणि तिथेच डोळा चुकतो.

मजकूर आला की तो जसाच्या तसा जपून ठेवा. अक्षरी मजकूर असेल तर कॉपी करून नोट्समध्ये ठेवा, सोबत कोणत्या ग्रुपवर कधी आला ते लिहा. फोटो असेल तर स्क्रीनशॉट काढू नका, फोटोच डाउनलोड करा. स्क्रीनशॉटमध्ये वरची-खालची पट्टी येते, कडा कापल्या जातात आणि लेन्सला मूळ चित्र सापडणं अवघड होतं.

> सावधान: तपासायचा मजकूर ‘कुणाला माहीत आहे का, खरं आहे का?’ असं विचारत दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. प्रश्न मागे राहतो, मजकूर पुढे जातो.

टप्पा १: मजकुराचे तुकडे करा

जुलैमधल्या एखाद्या रात्री येणाऱ्या मजकुराचा हा नमुना घ्या:

‘रेड अलर्ट! मोरबे धरण भरून वाहू लागले. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने उद्या ठाणे, नवी मुंबईतील सर्व शाळा-कॉलेज बंद. ट्रान्स हार्बर बंद राहणार. सर्वांना कळवा.’

वाचणारा हे सगळं एक बातमी म्हणून घेतो. प्रत्यक्षात यात चार वेगळे दावे आहेत आणि चारांचे मालक वेगळे आहेत. अलर्ट हवामान विभागाचा. मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं. सुट्टी जिल्हा प्रशासनाची किंवा त्या त्या महापालिकेची. ट्रान्स हार्बर म्हणजे ठाणे ते वाशी-पनवेल लोकल, ती रेल्वेची. यातला एक दावा खरा निघाला की बाकीचे तीन त्याच्या आधाराने खरे वाटू लागतात. खोटा मजकूर बहुधा असाच रचलेला असतो: एक पक्की गोष्ट, तिला चिकटवलेल्या तीन कच्च्या.

म्हणून कागदावर किंवा नोट्समध्ये दावे एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर लिहा, हे सांगण्याचा अधिकार कुणाचा. जो दावा खोटा निघाला तर सगळ्यांत जास्त नुकसान होईल, तो आधी तपासायला घ्या.

‘अतिशय धक्कादायक’, ‘मीडिया हे दाखवणार नाही’ अशी वाक्यं तपासता येत नाहीत. ती यादीत घेऊ नका. ती काढून टाकल्यावर हातात काहीच उरत नसेल, तर तपासणी तिथेच संपली.

टप्पा २: मजकुराच्या अंगावरच्या खुणा वाचा

अजून गुगल उघडायचं नाही. आधी मजकूरच नीट वाचायचा.

बाणाची खूण. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला तर तो मजकूर किमान पाच वेळा हातोहात पुढे गेलेला आहे. असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण बाण नाही म्हणून मजकूर पाठवणाऱ्याचा स्वतःचा, असं समजू नका. कॉपी-पेस्ट केलं की बाण उरत नाही.

तारीख आणि वार. ही सगळ्यांत सोपी तपासणी आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी. सुट्टीच्या जुन्या पत्रावरचं वर्ष कापून ते दरवर्षी फिरतं. वर्ष गेलं तरी वार बऱ्याचदा राहतो. समजा पत्रावर ‘१८ जुलै, गुरुवार’ लिहिलं आहे. २०२४ साली १८ जुलैला गुरुवार होता, २०२५ साली शुक्रवार. कॅलेंडर उघडून ताडून पाहायला काहीच वेळ लागत नाही.

‘उद्या’, ‘आज रात्री’. तारीख नसलेला ‘उद्या’ कधीच जुना होत नाही. अशा मजकुरात तारीख शोधा. ती सापडेपर्यंत तो मजकूर आजचा धरायचा नाही.

सही. पत्राखाली ज्या अधिकाऱ्याचं नाव आहे ते आज त्या पदावर आहेत का? बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र अजून फिरत असतं. पदनामही नीट पाहा. महापालिकेत ‘आयुक्त’ असतात, जिल्ह्याला ‘जिल्हाधिकारी’. ‘ठाणे जिल्हा आयुक्त’ अशी सही दिसली की कागद बाजूला ठेवा.

मोठ्या संस्थेचं मोघम नाव. ‘नासाने सांगितलं’, ‘युनेस्कोने जाहीर केलं’. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम ठरवलं, हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आणि तो खोटा आहे. युनेस्कोने असं काही जाहीर केलेलं नाही. संस्थेचं नाव असेल तर कागद कोणता, कधीचा, कुठे प्रसिद्ध झाला हेही असायला हवं.

> तपासून पाहा: या टप्प्याअखेर तुमच्याकडे दाव्यांची यादी आणि प्रत्येकाची तारीख असली पाहिजे. तारीख नसेल तिथे ‘तारीख नाही’ असं स्पष्ट लिहा.

टप्पा ३: वचन असेल तर त्याचा पत्ता मागा

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार, निरोप समारंभातलं भाषण, मंडळाची स्मरणिका, दुकानातली पाटी या सगळ्यांत वचनाखाली नाव असतं आणि पत्ता नसतो. पत्ता म्हणजे ग्रंथ, आवृत्ती आणि पान. भाषण असेल तर तारीख आणि ठिकाण. पत्र असेल तर कुणाला, कधी.

आधी काळ ताडून पाहा. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, पु. ल. देशपांडे २००० साली आणि व. पु. काळे २००१ साली. व्हॉट्सअ‍ॅप २००९ सालचं. म्हणजे या तिघांच्या नावावर व्हॉट्सअ‍ॅपचं ‘स्टेटस’, व्हॉट्सअ‍ॅपचा ‘ग्रुप’ किंवा ‘सेल्फी’ असलेलं वाक्य आलं तर पुढचं काही तपासायची गरजच नाही. लोकमान्य टिळक १९२० साली गेले. त्यांच्या तोंडी १९४७ नंतरच्या संस्थेचं नाव असेल तर तेच. मराठीत या चाळणीतच बरीच बनावट वचनं गळून पडतात.

काळ आणि ठिकाण दोन्ही ताडल्याने काय होतं त्याचं एक उदाहरण. ‘ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे. तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत’ ही पाटी महात्मा गांधींच्या नावाने बँकांत आणि दुकानांत दिसते. अनेक ठिकाणी तिच्यासोबत ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०’ असंही छापलेलं असतं. गांधीजी १८९० साली लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते पोचले १८९३ साली. याच धर्तीचा मजकूर १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या व्यापारी प्रकाशनांत सापडतो, तोही गांधीजींच्या नावाशिवाय. पत्ता दिलेला आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही. तो पत्ता जागेवर जाऊन पाहायचा.

मग शोध. पूर्ण वाक्य टाकू नका. वाक्यातले सहज न येणारे चार-पाच सलग शब्द निवडा आणि ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे तेवढाच नेमका तुकडा शोधला जातो. मराठीत लेखनपद्धती बदलली आहे, म्हणून तोच तुकडा दोन-तीन प्रकारे टाकून पाहा. ‘सामर्थ्य आहे चळवळीचे’ शोधताना जुन्या छापील दासबोधात ‘चळवळेचें’ मिळतं, अनुस्वारासह. एकाच रूपावर थांबलात तर खरी ओवीही ‘सापडत नाही’ अशी नोंद होईल.

मूळ भाषा लक्षात घ्या. गांधीजींचं बरंच लेखन गुजरातीत आहे, डॉ. आंबेडकरांचे मोठे ग्रंथ आणि संविधान सभेतली भाषणं इंग्रजीत. मराठी भाषांतरातले शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे मराठी वाक्य अवतरणचिन्हांत टाकून मूळ हाती लागणार नाही. आशय मूळ भाषेत नेऊन शोधा.

आणि मग मूळ संग्रहापर्यंत जा. हाच टप्पा बहुतेक जण गाळतात. गांधीजींच्या समग्र लेखनाचे १०० इंग्रजी खंड ऑनलाइन मोफत वाचता येतात. डॉ. आंबेडकरांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून खंडांमध्ये प्रसिद्ध केली आणि तीही ऑनलाइन मिळतात. संविधान सभेतल्या चर्चा तारीखवार उपलब्ध आहेत. दासबोधाचा पत्ता दशक, समास, ओवी असा द्यायचा असतो. वरची ओवी विसाव्या दशकातल्या चौथ्या समासात आहे. ‘दासबोधात म्हटलंय’ एवढंच लिहिलेलं असेल तर दशक-समास विचारा. ग्रंथात २० दशक आणि २०० समास आहेत, नुसत्या नावावरून कुणी शोधू शकत नाही.

तुकोबांच्या नावावरच्या रचनांबाबत जास्त जपावं लागतं. शेवटी ‘तुका म्हणे’ जोडलं की कोणतीही चार ओळींची रचना अभंग म्हणून फिरू लागते. छापील गाथेत पहिल्या ओळींची अकारविल्हे सूची असते, तिच्यात पहिली ओळ शोधा. अभंगांचे क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून क्रमांक लिहिताना कोणती आवृत्ती ते लिहा. एका गाथेत नाही म्हणून लगेच ‘खोटा’ म्हणू नका, दुसरी आवृत्ती उघडा. पण रचनेत आजची बोली, आजचे शब्द असतील आणि कोणत्याच गाथेत ती नसेल, तर ती तुकोबांच्या नावाने छापू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती चांगली असेल तर नावाशिवायही चांगलीच राहते.

ऑनलाइन मिळालं नाही तर ग्रंथालय आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासूनचं आहे. जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं म्हणजे चित्रंच असतात, त्यातला मजकूर गुगलला बऱ्याचदा वाचता येत नाही. अशा वेळी छापील पुस्तक हातात घेण्याला पर्याय नाही. जाताना पुस्तकाचं नाव आणि शोधायची ओळ लिहून न्या; ‘व. पुं.चं एक वाक्य आहे कुठेतरी’ म्हणून गेलात तर कुणालाच मदत करता येणार नाही.

सापडल्यावर आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले की राज्यघटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट असतील तर ती वाईट ठरेल. फॉरवर्ड इथेच तुटतं. भाषणात लगेच पुढे आहे की घटना कितीही वाईट असली तरी राबवणारे चांगले असतील तर ती चांगली ठरू शकेल. अर्धं वाक्य खरं आहे, पण दोन्ही भागांचा मिळून अर्थ वेगळा होतो. वरच्या ओवीचंही तसंच. ‘सामर्थ्य आहे चळवळीचे, जो जो करील तयाचे’ एवढंच पोस्टरवर येतं. ‘परंतु येथे भगवंताचे अधिष्ठान पाहिजे’ हा समर्थांचा अर्धा भाग बाहेर राहतो.

हयात किंवा नुकत्याच गेलेल्या व्यक्तीचं वचन असेल तर तिच्या अधिकृत खात्यावर, मुलाखतीच्या ध्वनिचित्रफितीत किंवा स्वतःच्या पुस्तकात ते मिळायला हवं. एप्रिल २०२० मध्ये करोनानंतरच्या अर्थव्यवस्थेवरचा एक प्रेरणादायी मजकूर रतन टाटांच्या नावाने देशभर फिरला. त्यांनी स्वतः खुलासा केला की हे मी बोललेलं नाही आणि लिहिलेलंही नाही, मला काही सांगायचं असेल तर माझ्या अधिकृत माध्यमांवर सांगेन. तरीही तो मजकूर थांबला नाही, कारण तो चांगला होता. चांगल्या मजकुराचीच तपासणी सगळ्यांत कमी होते.

> सावधान: सुविचारांची संकलनं करणारी संकेतस्थळं, फोटोवर छापलेलं वाक्य, ‘सर्वश्रेष्ठ १०० विचार’ छापाची पुस्तकं हा पुरावा नाही. त्यांत पान क्रमांक नसतो.

> सावधान: एआय चॅटबॉटला ‘हे कुठल्या पुस्तकात आहे?’ विचारलं तर तो कधीकधी ठामपणे पुस्तकाचं नाव आणि पान सांगतो आणि त्या पानावर तसं काही नसतं. त्याचं उत्तर शोधाचा धागा म्हणून घ्या, पण पान स्वतः उघडल्याशिवाय लिहू नका.

टप्पा ४: फोटो आणि व्हिडिओ

फोटो लेन्समध्ये टाका आणि मिळालेल्या निकालांतला सर्वांत जुना शोधा. वरचा निकाल जुना असेलच असं नाही, तारीख उघडून पाहावी लागते. आजच्या पुराचा म्हणून आलेला फोटो तीन वर्षांपूर्वीच्या बातमीत दिसला, तर काम झालं.

व्हिडिओ अख्खा शोधता येत नाही. तो थांबवत थांबवत चार-पाच ठिकाणची चित्रं घ्या: सुरुवात, शेवट, जिथे पाटी दिसते ती जागा, जिथे गाडी दिसते ती जागा. ती एकेक लेन्समध्ये टाका. मग डोळ्यांनी वाचा. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? बस टीएमटीची (ठाणे) की एनएमएमटीची (नवी मुंबई)? गाड्यांच्या पाट्यांवर एमएच ०४ म्हणजे ठाणे, ४३ म्हणजे नवी मुंबई, ४६ म्हणजे पनवेल, ०५ म्हणजे कल्याण. एक गाडी कुठूनही येऊ शकते, पण रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या परराज्यातल्या असतील तर तो ठाण्याचा घोडबंदर रोड नाही. आवाज बंद करूनही एकदा पाहा. दृश्य जुनं ठेवून त्यावर नवा मराठी आवाज चढवणं सोपं असतं.

व्हिडिओ कुठे सुरू होतो आणि कुठे तुटतो, हे विशेष पाहा. २०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवांसोबत एक व्हिडिओ देशभर फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलतात. तो मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या जाहिरातीचा भाग होता. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात, तेवढाच तुकडा कापला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. म्हणून मुलं पळवणं, धर्मस्थळाची विटंबना, पाण्यात विष असा मजकूर असेल तर तपास पूर्ण होईपर्यंत तो एकाही माणसाला पाठवू नका. खरंच काही दिसलं असेल तर ११२ वर फोन करा.

टप्पा ५: स्थानिक सूचना असेल तर अधिकार कुणाचा ते पाहा

आपल्याकडे गोंधळ वाढतो तो हद्दींमुळे. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिणारे सगळे नवी मुंबई महापालिकेत राहत नाहीत. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर ही नवी मुंबई महापालिका आणि ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही पनवेल महापालिका आणि रायगड जिल्हा. ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश अगदी खरा असला तरी खारघरच्या शाळेला तो लागू होत नाही. पोलिसांच्या हद्दी पुन्हा वेगळ्या: पनवेल परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतो. तेव्हा सूचना खरी आहे का हे पाहून झालं की लगेच पाहा, ती आपल्याला लागू आहे का.

सुट्टी: आदेशात बारावीपर्यंतच्या शाळा आहेत की महाविद्यालयंही, संपूर्ण जिल्हा की ठरावीक तालुके, हे शब्दशः वाचा. हवामान विभागाचा लाल इशारा म्हणजे आपोआप सुट्टी नव्हे. इशारा जिल्ह्यासाठी असतो, आणि ठाणे जिल्हा ऐरोलीपासून मुरबाड-शहापूरपर्यंत पसरला आहे. तो दिवसभरात बदलतोही, म्हणून वेळ पाहा.

पाणी: ‘ठाण्यात दोन दिवस पाणी नाही’ हा मजकूर अर्धवटच असतो. ठाणे शहराला महापालिकेच्या स्वतःच्या योजनेतून, स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून, एमआयडीसीकडून (औद्योगिक विकास महामंडळ) आणि मुंबई महापालिकेकडून असं चार ठिकाणांहून पाणी येतं. एकीचं काम निघालं तर तिच्यावर अवलंबून भागांपुरतंच पाणी बंद असतं. सूचनेत कोणती योजना आणि कोणते भाग ते नसेल तर ती मूळ सूचना नाही. नवी मुंबईसाठी मोरबे पाहायचं. बारवी धरण एमआयडीसीचं, ते भरल्याचा व्हिडिओ मोरबेच्या नावाने आला तर जागेची खात्री करा.

रेल्वे: ब्लॉकची जुनी वेळापत्रकं पुन्हा फिरतात. मे २०२४ अखेरीस ठाणे स्थानकात फलाट रुंदीकरणासाठी ६३ तासांचा ब्लॉक झाला होता. ‘ठाण्यात ६३ तास लोकल बंद’ अशी ओळ पुन्हा दिसली तर आधी साल शोधा.

शासन निर्णय: खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी एक लांब संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असतात. ते वरच्या तारखेशी जुळतात का पाहा, मग संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ पीडीएफ उघडा. महापालिकेच्या पत्राला हा संकेतांक नसतो. तिथे जावक क्रमांक पाहायचा.

घरांची सोडत: सिडको आणि म्हाडाच्या नावाने येणाऱ्या दुव्यांबाबत वेबपत्ता वाचायची एकच रीत लक्षात ठेवा. सुरुवातीच्या ‘https://’ मधल्या रेघा सोडून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटचे शब्द ‘जीओव्ही डॉट इन’ असतील तर ते सरकारी आहे. सुरुवातीला ‘सिडको’ लिहिलेलं असणं हा पुरावा नाही. ते कुणालाही लिहिता येतं. एखाद्या सरकारी संस्थेची सोडत वेगळ्या पत्त्यावर असेल तर तिथे संस्थेच्या मुख्य संकेतस्थळावरूनच जा, ग्रुपवरच्या दुव्यावरून नको.

> सावधान: ‘आज रात्री वीज कापली जाईल, या मोबाइलवर संपर्क करा’ असा मजकूर खासगी क्रमांकावरून आला तर त्या क्रमांकावर फोन लावू नका. आपल्या बिलावरच्या ग्राहक क्रमांकाने अधिकृत अ‍ॅपमध्ये थकबाकी पाहा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे थांबवणं कठीण.

आरोग्याच्या मजकुरालाही हाच नियम. गरम नारळपाण्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा दावा टाटा मेमोरियलच्या तत्कालीन संचालकांच्या नावाने २०१९ मध्ये फिरला आणि रुग्णालयाने तो आपला नसल्याचं जाहीर केलं. घरात रुग्ण असेल तर अशा मजकुराचा प्रिंट घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. औषध बंद करायचा निर्णय ग्रुपवर होऊ देऊ नका.

टप्पा ६: आधी कुणी तपासलं आहे का

हे मुद्दाम उशिरा घेतलं आहे. आधीच घेतलं तर माणूस निकाल वाचतो आणि स्वतःचा मजकूर नीट पाहत नाही. तपासलेला मजकूर आणि आपल्याकडचा मजकूर यांत तारखेचा, गावाचा फरक असतो. फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर आणि विश्वास न्यूज मराठीतही तपासण्या देतात. केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांसाठी पीआयबी (केंद्राचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकला ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर मजकूर पाठवता येतो. महापालिकेचं किंवा राज्य शासनाचं काम तिथे पाठवून उपयोग नाही. आणि तपासणी वाचताना निकालापाशी थांबू नका, त्यांनी मूळ म्हणून काय दिलं आहे ते उघडून पाहा.

टप्पा ७: निकाल लिहा, मगच बोला

निकाल चारांपैकी एक असतो. मूळ सापडलं आणि जुळतं. मूळ सापडलं, पण मजकूर कापलेला किंवा बदललेला आहे. मूळ सापडलं नाही. खोटं असल्याचा थेट पुरावा आहे. तिसरा आणि चौथा यांत घोळ करू नका. ‘मला सापडलं नाही’ म्हणजे ‘हे खोटं आहे’ नव्हे, आणि घाईत हे मिसळलं की पुढच्या वेळी तुमचं कुणी ऐकत नाही.

ग्रुपवर सांगताना आधी पाठवणाऱ्याला वेगळं कळवा. बहुतेक वेळा ती वडीलधारी माणसं असतात आणि त्यांनी काळजीपोटीच पाठवलेलं असतं. शब्द साधे ठेवा: ‘काका, तुम्ही पाठवलेलं सुट्टीचं पत्र २०२४ चं आहे, १८ जुलैला गुरुवार तेव्हा होता. आजचा आदेश जिल्हा प्रशासनाच्या पानावर अजून आलेला नाही. तुम्हीच ग्रुपवर टाकता का, की मी टाकू?’ बहुतेक काका स्वतःच टाकतात. दुरुस्ती टाकताना जुना फोटो जसाच्या तसा लावू नका. त्यावर आडवी फुली मारून ‘जुनं’ किंवा ‘खोटं’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, कारण फोटो एकटाच पुढे जातो.

सुविचाराच्या फळ्यासाठी नियम सोपा ठेवा: पत्ता सापडला तर नाव आणि ग्रंथ दोन्ही लिहायचे, सापडला नाही तर वाक्य नावाशिवाय लिहायचं. स्मरणिकेसाठी हे काम मजकूर डीटीपीला (छपाईच्या पानांच्या जुळणीला) जाण्याआधी करा. प्रत्येक वचनासमोर संपादकाच्या प्रतीत ग्रंथ, आवृत्ती, पान लिहा, आणि मुद्रितं तपासणाऱ्याला तीच प्रत द्या. डीटीपी झाल्यावर वचन बदलायचं म्हटलं की ओळी सरकतात, घाई होते आणि नाव तसंच राहून छापलं जातं.